पिटातील जागा : मराठी रंगभूमीवरील अल्पदराच्या तिकिटाचा इतिहास

मराठी रंगभूमीचे जे इतिहास आजवर लिहिले गेले, ते बहुतांशी नाटककारांचे, नटांचे आणि नाटकमंडळ्यांचे इतिहास आहेत. पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा उल्लेख त्यांत येतो तो 'रसिक प्रेक्षक' ह्या सामान्यनामाने. त्याने तिकिटाच्या खिडकीवर किती पैसे मोजले, ते मोजल्यावर त्यास कोठे बसावयास मिळाले आणि ज्यास ते मोजणे शक्य झाले नाही त्याचे काय झाले, ह्या प्रश्नांस तेथे क्वचितच जागा मिळते. प्रस्तुत लेखात ह्याच उपेक्षित बाजूचा विचार करावयाचा आहे.

हा विषय सुचला तो लोहाऱ्यामुळे. लोहारा हे यवतमाळ शहरास अगदी लागून असलेले, औद्योगिक वसाहतीमुळे शहरात मिसळून गेलेले गाव. तेथील कारखान्यातील कामगारास अथवा शाळेतील शिक्षकास मुंबईत गाजत असलेले एखादे नाटक पाहावयाचे झाले, तर प्रथम धामणगावसारखे स्थानक गाठावे लागते, नंतर रात्रभराचा आगगाडीचा प्रवास, नंतर परक्या शहरातील मुक्काम आणि पुनश्च तसाच परतीचा प्रवास. ह्या साऱ्या खर्चात नाटकाचे तिकीट ही सर्वांत लहान रक्कम ठरते. दादरला राहणाऱ्या माणसास मात्र तेवढे तिकीट म्हणजेच जवळजवळ सगळा खर्च होय. तेव्हा तिकीट 'स्वस्त' आहे असे आपण म्हणतो ते कोणाच्या दृष्टीने, हे आधी पाहिले पाहिजे. प्रयोगास येणारा खर्च तर काही केल्या टळत नाही. तिकीट स्वस्त असते तेव्हा त्या खर्चाचा उरलेला भार दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. तो कोणी उचलला, हे शोधू लागले म्हणजे मराठी रंगभूमीचा इतिहास काहीसा वेगळा दिसू लागतो.

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे ह्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा तिकिटाचा प्रश्नच नव्हता. खर्च चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या दरबाराचा होता, आणि प्रेक्षक होता तो दरबाराने बोलावलेला. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय सुटला आणि भाव्यांस आपला संच घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. हे नाट्यगृह १८४६ साली, जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या साहाय्याने, प्रामुख्याने युरोपियन प्रेक्षकांसाठी उभे राहिले होते. मराठी नाटक तेथे गेले ते आश्रय तुटल्यामुळे, म्हणजे एका परीने अगतिकतेने. परंतु त्या अगतिकतेतून जे घडले त्याचे महत्त्व फार मोठे आहे. दरबारी खेळास कोणी यावे हे यजमान ठरवितो. तिकिटाच्या खेळास कोणी यावे हे येणाऱ्याच्या खिशातील नाणे ठरविते. नाणे ही काही समतेची वस्तू नव्हे. तरी पण निमंत्रणापेक्षा नाणे मिळविणे पुष्कळांस सोपे असते.

गायनाच्या क्षेत्रात हाच पालट अर्धशतकानंतर झाला. संस्थानिकांच्या दरबारातील अथवा धनिकांच्या दिवाणखान्यातील बैठक ही आमंत्रितांची असे. विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा पुरस्कार केला, तेव्हा गाणे विकावयास काढले अशी टीका होणे स्वाभाविक होते. वस्तुतः त्यांनी उघडला तो ज्यास कोणी कधी बोलावले नसते त्याच्यासाठी दरवाजा. लंडनमध्ये रॉबर्ट न्यूमन व हेन्री वुड ह्यांनी उभ्याने ऐकण्याच्या अल्पदराच्या जागा ठेवून आपली संगीतमाला सुरू केली ती १८९५ साली. म्हणजे दोन्ही घटना जवळजवळ एकाच काळातील आहेत.

नाट्यगृहाच्या रचनेबरोबर जागांची प्रतवारीही आपल्याकडे आली. बॉक्स, खुर्च्या, बाक, गॅलरी आणि पिट ही नावे मराठी प्रेक्षकाच्या तोंडी इतकी रुळली की 'पिटातला प्रेक्षक' हा टीकाकारांच्या भाषेत एक तुच्छतादर्शक शब्दप्रयोग होऊन बसला. पिटातील प्रेक्षक शिट्या वाजवितो, विनोद ओरबाडून घेतो, पदास 'वन्स मोअर' देऊन नाटक पहाटेपर्यंत लांबवितो, अशी तक्रार शिष्ट मंडळी करीत. तक्रार खोटी नसेल. पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. काही आणे देऊन आलेल्या माणसाने एकच पद तीनदा गाऊन घेतले, तर त्याने आपल्या पैशाचा मोबदला वसूल केला असेच म्हणावयास हवे. शिवाय किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यानंतर संगीत नाटकाची जी लाट उठली, ती केवळ पुढच्या खुर्च्यांच्या बळावर टिकली असे मानणे कठीण आहे. पुढच्या रांगेचा चढा दर मागच्या बाकाचा भार उचलीत होता, आणि मागच्या बाकांची गर्दी नाटकाची कीर्ती पुढच्या गावी पोहोचवीत होती. ही देवघेव हाच त्या काळच्या व्यवसायाचा पाया होय.

ह्या पायास धक्का कोठून बसला? सामान्यतः ह्याचे उत्तर 'बोलपटामुळे' असे दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत गंधर्व व ललितकलादर्श ह्या दोन मंडळ्यांनी मिळून केलेला 'संयुक्त मानापमान' हा प्रयोग सर्वांच्या स्मरणात आहे. तो टिळक स्वराज्य फंडासाठी होता आणि तिकिटांचे दर नेहमीपेक्षा फार चढे होते. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले ह्या भाग्याचे वर्णन करताना आपले इतिहासकार हे विसरतात की, त्या रात्री तिकीट हे नाटकाचे मोल नव्हते. ती देशकार्यास दिलेली देणगी होती. परंतु त्याच सुमारास गंधर्व मंडळीचा नेहमीचा खर्चही वाढत चालला होता. उंची वस्त्रे, गालिचे, अत्तरे, मोठा परिवार ह्यांचा भार तिकिटावर पडत होता आणि मंडळी कर्जात बुडत होती. वैभवाचे नाटक स्वस्तात दाखविता येत नाही, हा धडा त्या कर्जात आहे.

त्यातच कराची भर पडली. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ साली झाला. यवतमाळ जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. वऱ्हाड १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेले होते आणि तेथील करमणूक कराचा स्वतंत्र कायदा १९३६ चा आहे. एकाच भाषेच्या प्रेक्षकास दोन प्रांतांत दोन वेगळे कायदे लागू होते, ही बाब पुण्या-मुंबईकडे पाहून लिहिलेल्या नाट्येतिहासांत सुटून जाते. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तरी जुन्या प्रांतांचे कायदे लगोलग एक झाले असे मात्र नव्हे.

आता बोलपटाविषयी. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला. चित्रपटाचा खर्च एकदाच होतो. त्याच्या प्रती काढून तो शंभर गावी एकाच रात्री दाखविता येतो. नाटकाचा खर्च दर रात्री नव्याने होतो. चार पात्रांचे नाटक करावयास आजही चारच माणसे लागतात आणि त्यांस तेवढाच वेळ लागतो. त्यांचे वेतन मात्र इतर धंद्यांबरोबर वाढतच राहते. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हाच मुद्दा शास्त्रीय रीतीने मांडला. यंत्राने कापड स्वस्त होते, नाटक होत नाही. बोलपटाने मंडळ्यांचा जो प्रेक्षक नेला तो प्रथम पिटातील नेला, कारण तितक्याच आण्यांत दुसरी करमणूक त्यास मिळू लागली. मागचे बाक रिकामे झाले आणि पुढच्या खुर्च्यांस एकट्याने भार सोसवेना. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनाने १९४१ नंतर आटोपशीर, थोड्या पात्रांची नाटके केली, ती केवळ नव्या अभिरुचीसाठी नव्हेत; हिशेबाची वहीही तेच सांगत होती.

ह्यापुढचा इतिहास म्हणजे पिटातील प्रेक्षक परत कसा आणावा ह्याच्या निरनिराळ्या प्रयत्नांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते तो अधिक उद्बोधक आहे.

पहिला प्रयत्न कामगारांचा स्वतःचा. परळ येथे सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभारले. गिरणगावात राहणारे कोकणातील कामगार आपापसांत वर्गणी काढून नाटके बसवीत, दिवसपाळी संपवून तालमी करीत आणि आपल्याच गाववाल्यांसमोर प्रयोग करीत. येथे नट व प्रेक्षक हे एकाच चाळीतले. भार उचलणारा तोच आणि लाभ घेणारा तोच. २०२३ साली हे नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद करून पाडण्यात आले, तेव्हा गेली ती केवळ एक इमारत नव्हे. गिरण्या आधीच गेलेल्या होत्या, त्यांच्या प्रेक्षकाची बसण्याची जागाही गेली.

दुसरा प्रयत्न शासनाचा. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संघांस जिल्ह्याजिल्ह्यांत रंगमंच दिला. ह्या स्पर्धेचे दर मुद्दाम अल्प ठेवले गेले. गेल्या दशकातही कित्येक केंद्रांवर ते १५ व १० रुपये असे होते. एवढ्या पैशांत शहरात चहासुद्धा नीट मिळत नाही. लोहाऱ्याच्या माणसास मुंबईपेक्षा अमरावतीचे वा नागपूरचे केंद्र कितीतरी जवळचे. त्याच्या दृष्टीने ह्या स्पर्धेचे मोल दादरकरास कळणार नाही. स्पर्धेतील नाटके सारीच चांगली असतात असे नाही. काही तर सहन करावी लागतात. पण दहा रुपयांत वाईट नाटक पाहण्याचा अधिकारही रसिकतेच्या शिक्षणास आवश्यकच आहे.

तिसरा प्रयत्न प्रायोगिकांचा. विजया मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये काढलेली 'रंगायन' ही सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था होती. १९७१ साली स्थापन झालेल्या 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह वापरावयास घेतले. शाळेचे सभागृह, अल्प भाडे, साधे नेपथ्य, मानधनाची अपेक्षा न ठेवणारे नट, म्हणून तिकीट स्वस्त. येथे भार उचलला तो कलावंतांनी स्वतःच्या श्रमाने. हे फार थोर कार्य होते, परंतु त्यातून पिटातील प्रेक्षक परत आला असे मला वाटत नाही. आला तो सुशिक्षित, लोकलचा पास असलेला, रात्री उशिरा घरी परतू शकणारा मध्यमवर्गीय. स्वस्त तिकिटाने नवा वर्ग रंगभूमीकडे आणला; गेलेला वर्ग आणला नाही.

गायनाच्या बाबतीत पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाने १९५३ पासून एक निराळीच युक्ती रूढ केली : खुर्चीपेक्षा स्वस्त अशी भारतीय बैठक आणि साऱ्या महोत्सवाचे एकच तिकीट. सतरंजीवर मांडी घालून तासन्‌तास बसण्याची तयारी हाच येथे दरातील सूट मिळविण्याचा मार्ग. जागेच्या अंतरापेक्षा देहाच्या सोसण्यावर केलेली ही प्रतवारी पिटाच्या प्रतवारीहून अधिक न्याय्य आहे, कारण गाणे मागेपुढे सारखेच ऐकू येते.

महानगरपालिकांची नाट्यगृहे हा आणखी एक आधार. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे, ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ चे. भाडे आटोक्यात राहिले तर बाल्कनीचे तिकीट आटोक्यात राहते. म्हणजे येथे भार उचलतो तो शहराचा करदाता. कराच्या बाबतीतही १ जुलै २०१७ रोजी करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला, तेव्हा २५० रुपयांपर्यंतचे नाट्यप्रवेशमूल्य करमुक्त ठेवण्यात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० रुपये झाली. दर ठरविताना निर्माता त्या रेघेकडे पाहणारच. न्यूयॉर्क येथे १९७३ पासून आणि लंडन येथे १९८० पासून त्याच दिवसाची न खपलेली तिकिटे अर्ध्या दराने विकणारे चौक-ठेले आहेत; आपल्याकडे ती प्रथा मूळ धरू शकली नाही. आपला काटकसरी प्रेक्षक आजही ऑनलाइन आरक्षणाचा जादा आकार वाचविण्यासाठी खिडकीवर जातो आणि बाल्कनीची मागची रांग मागतो.

ह्या साऱ्या व्यवस्था प्रेक्षकास नाटकाकडे नेतात. नाटकास प्रेक्षकाकडे नेणारी व्यवस्था पाहावयाची तर विदर्भाच्या पूर्व टोकास जावे लागते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या भातपिकाच्या मुलुखात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. यवतमाळ कापसाच्या मुलुखात मोडते. तेव्हा लोहारा झाडीपट्टीत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. धान घरात आले, दिवाळी झाली की तेथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई भरते, पाहुणे येतात, पूर्वीपासून शंकरपटाशीही ह्या नाटकांची सांगड आहे. वडसा म्हणजे देसाईगंज हे कंपन्यांचे ठाणे. गावातील मंडळ ठराविक रकमेस कंपनीचा प्रयोग ठरविते, मंडप घालते आणि स्वतः तिकिटे विकते. मागच्यास दिसावे म्हणून पुष्कळ ठिकाणी जमीन खोदून बैठकीस उतार दिलेला असतो. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च उद्‌भवत नाही. तोट्याचा धोका गावाचा, नफा झाला तर तोही गावाचा. शहरी टीकाकार ह्या नाटकांच्या भडकपणास नाके मुरडतात, आणि ती मुरडण्याची तऱ्हा पिटातील प्रेक्षकाविषयीच्या जुन्या तक्रारीशी शब्दशः जुळते.

ह्या विषयाची साधने ग्रंथालयांत थोडी आणि घरांत पुष्कळ आहेत. दर छापलेली हस्तपत्रके, मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, पेटीच्या तळाशी राहिलेली तिकिटांची अर्धुके ह्यांस कोणी ऐतिहासिक कागद मानीत नाही. घर बदलताना ती रद्दीत जातात. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद ह्या बाजूच्या वाचकांकडे नाटकमंडळ्यांच्या मुक्कामांचे अथवा गावच्या हौशी प्रयोगांचे असे कागद असल्यास त्यांनी ते फेकून देण्यापूर्वी निदान त्यांवरील साल, स्थळ आणि प्रत्येक वर्गाचा दर एवढे तरी उतरवून ठेवावे. ह्या तीन नोंदी मिळाल्या तर पिट किती आण्यांचा होता आणि तो भरला कोणी, हे वऱ्हाडापुरते तरी नेमके सांगता येईल.