दोनशेचा आकडा

आज आपण एका आकड्याचा इतिहास पाहू. आकडा आहे २००.

१ एप्रिल २००४ रोजी आपल्या सरकारनं एचआयव्हीवरचे मोफत उपचार, म्हणजे एआरटी, सुरू केले. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. पुढे आपल्या मेडिकललाही केंद्र आलं. नियम असा होता, की लक्षणं गंभीर नसतील तर सीडी४ पेशी २०० च्या खाली गेल्यावरच गोळ्या. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. म्हणजे २६० आलेल्या माणसाला सांगायचं, अजून वेळ आहे, काही महिन्यांनी या.

आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा रेषेपाशी हमखास अडखळतो. २०१ आणि १९९ मध्ये असं काय वेगळं? धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर ढीग नेमका कधी संपला, हा जुनाच प्रश्न. फक्त इथे दाणे माणसाच्या रक्तातले होते.

ही रेषा कोणी दुष्टपणे ओढली नव्हती. २००१ मध्ये सिप्लानं वर्षाच्या औषधाचा भाव ३५० डॉलरवर आणला, त्याआधी तो दहा हजारांच्या वर होता. तरी सगळ्यांना पुरेल एवढा पैसा नव्हताच. शिवाय तेव्हाचं स्टॅव्हुडिन म्हणजे पायांची आग, गालांची खोबणी. थांबण्यात शहाणपण आहे असं चांगल्या डॉक्टरांनाही वाटे.

शरीर मात्र थांबत नव्हतं. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो. रक्तातला आकडा तेव्हा बरा दिसतो, हीच फसगत. विषाणू दीर्घायुषी पेशींत दडून बसतो आणि प्रतिकारयंत्रणा मंद आचेवर सतत उकळत राहते. उशिरा गोळ्या दिल्या तर विषाणू दबतो, पण अनेकांचा आकडा पूर्ण वर येत नाही. लवकर दिल्या तर दडलेला साठा लहान राहतो, उकळ कमी होते. बरं होणं नाही हे. गोळ्या बंद केल्या की विषाणू परत येतो.

पुरावा यायला वेळ लागला. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात पुण्याची 'नारी' संस्थाही होती. २०११ मध्ये कळलं की लवकर उपचारानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. हे सगळे सांगतात. आम्हाला त्यातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते: फुप्फुसाबाहेरचा क्षय लवकरच्या गटात ३ जणांना, थांबलेल्या गटात १७ जणांना. क्षयाच्या या देशात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मग २०१५ चा 'स्टार्ट' अभ्यास: ३५ देश, ४,६८५ माणसं, सगळ्यांचा आकडा ५०० च्या वर. लगेच सुरू केलेल्यांत गंभीर आजार वा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी.

रेषा आधी ३५० वर सरकली, मग ५०० वर, आणि २०१७ मध्ये भारतानं ती पुसलीच. तपासणीत आढळलं की औषध.

पण आकडा मनातून जात नाही. "माझा सीडी४ चांगला आहे, मग गोळ्या कशाला?" असं आजही लोक विचारतात. कसं नाही विचारणार? इतकी वर्षं आपणच त्यांना हे शिकवलं. आणि बदनामीच्या भीतीनं तपासणीच टाळणारा माणूस पहिल्यांदा दवाखान्यात येतो, तेव्हा कितीदा तरी तो २०० च्या खाली गेलेला असतो.