सांधेदुखीचे निदान

बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात माझे बिऱ्हाड आहे. गेल्या पावसाळ्यात आई साताऱ्याहून आली, ती दुखरे हात घेऊनच. सकाळी तासभर तिची बोटे मिटत नसत; कणीक मळवत नसे. "वय झालं रे," एवढेच ती म्हणे. क्ष-किरण चित्रात विशेष काही दिसले नाही, आणि आम्हीही निर्धास्त झालो. ती आमची चूक होती.

निदान हे यंत्राहून जुने आहे. आपल्याकडे माधवकराच्या 'माधवनिदान' ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे साधने म्हणजे वैद्याची दृष्टी, स्पर्श आणि रुग्णाचे बोलणे. पुढे 1848 साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाउटच्या रोग्याच्या रक्तात यूरिक आम्ल साचते हे दाखवून दिले. सांध्याच्या दुखण्याचा शोध प्रथमच रक्तात लागला.

1895 च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. परंतु हे किरण हाड दाखवितात, कूर्चा दाखवीत नाहीत. कूर्चा झिजली, की दोन हाडांतील फट अरुंद झालेली दिसते, इतकेच. आमवातासारख्या विकारात तर आरंभी चित्र निर्दोषही असू शकते.

1940 मध्ये नॉर्वेच्या वालर यांनी रक्तातील संधिवात-घटकाचे वर्णन केले. 1961 मध्ये सांध्यातील द्रव ध्रुवित प्रकाशात पाहून गाउटचे स्फटिक ओळखता येऊ लागले. 1973 मध्ये लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने प्रतिमा मिळविली. त्या विद्येतून पुढे कूर्चा आणि स्नायुबंधही दिसू लागले. तरीही संधिवात-घटक काही निरोगी वृद्धांत आढळतो आणि काही रोग्यांत आढळत नाही. एकटी चाचणी निवाडा देत नाही.

आईच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांनी प्रथम विचारले, "सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो?" मग एकेक सांधा हलकेच दाबून पाहिला, आणि त्यानंतरच रक्त तपासावयास पाठविले. आमवात निघाला. औषध लवकर मिळाले, तर सांधे वाकडे होण्याचे पुष्कळदा टळते; आमचे मात्र तीन महिने वाया गेले होते.

यंत्रे वाढली, हे आपले भाग्यच. पण घरातले म्हातारे माणूस "वय झालं" म्हणते, तेव्हा तो प्रश्न आपणच विचारावयास हवा.