चाकांवरचा संसार

ठाण्याच्या माजिवड्याहून घोडबंदरकडे जाणारा रस्ता ज्यांनी रात्री पाहिला असेल, त्यांना मालमोटारींच्या त्या न संपणाऱ्या रांगेचे वर्णन करून सांगायला नको. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजव्या हाताला खाडी, आणि पुढे गायमुखाचा घाट कण्हत चढणाऱ्या गाड्या. न्हावाशेव्याच्या बंदरात उतरलेला आणि गुजरातेकडे जाणारा पुष्कळसा माल याच वाटेने जातो. शहरात अवजड गाड्यांना मज्जाव असेल त्या वेळी या गाड्या कडेला उभ्या राहतात. अशा वेळी जरा थांबून पाहावे. एका गाडीच्या चाकाच्या आडोशाला स्टोव्हवर डाळ शिजत असते. दुसरीच्या आरशाला गंजिफ्रॉक वाळत असतो. तिसरीच्या केबिनमध्ये सीटमागच्या फळीवर कोणीतरी पाय पोटाशी घेऊन झोपलेले असते. माल वाहण्यासाठी बनविलेल्या गाडीत माणसाने आपला संसार थाटलेला असतो.

अलीकडे काही हौशी मंडळींना मालमोटारीच्या सांगाड्यावर फिरते घर बांधून घेण्याचा नाद लागला आहे. आत निजण्याची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारे पत्रे. आणि मग अशी गाडी घेऊन लडाख-स्पितीच्या कच्च्या वाटा तुडवायच्या! हे खूळ विलायतेहून आले, असे आपण सहज म्हणून जातो. पण चाकांवरचे घर आपल्याकडे खरोखरच नवे आहे काय? की आपण त्याला घर म्हणायलाच विसरलो?

घोडबंदर हे नावच प्रवासाच्या साधनावरून पडलेले. येथे घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून हे घोडबंदर, असे सांगतात. खाडीवरचा पोर्तुगिजांचा किल्ला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांकडे आला. त्या काळी माल चाले तो होडीवरून आणि बैलाच्या पाठीवरून. बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलुख पालथा घालणारे वणजारी बायकामुलांसह तांड्यानेच हिंडत. व्यापार एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे, ही चैन त्यांना ठाऊक नव्हती.

हौसेसाठी असे बिऱ्हाड बांधण्याची कथा इंग्लंडातली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचा आरमारातून निवृत्त झालेला एक स्कॉटिश डॉक्टर होता. जिप्सी लोकांच्या गाड्या पाहून त्याच्या मनाने घेतले, की आपणही असेच राहावे. त्याने ब्रिस्टलच्या एका आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि १८८५ साली दोन घोडे जुंपून ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडातल्या इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला. गाडीचे वजन सुमारे दोन टन. आत महोगनीचे काम! केवळ मौजेसाठी बांधलेले पहिले फिरते घर ते हेच, असे मानतात. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की डॉक्टरसाहेबांनी ज्यांचे पाहून हे केले, ते जिप्सी पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहत होते. परंतु त्यांच्या गाडीची पहिली म्हणून कोणी नोंद केली नाही.

आता आपल्या मोटारींकडे वळू. मुंबईस शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. पुढे १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली व कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून मालमोटारी बांधायला घेतल्या. पंधरा वर्षांनी करार संपला, तरी लोकांच्या तोंडची ‘टाटा-मर्सिडीज’ पुष्कळ वर्षे गेली नाही.

या साऱ्या काळात एक रीत चालत आली. कारखाना गिऱ्हाइकाला सबंध गाडी देत नसे. देई तो नुसता सांगाडा. ज्याला आपले मिस्त्री ‘चासी’ म्हणतात ते लोखंडी तुळयांचे जोडपे, त्यावर एंजिन, खाली चाके, पुढे दर्शनी पत्रा, बस्स! ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडके आणि डोळ्यांना चष्मा लावून, उन्हापावसात शेकडो मैल तो सांगाडा हाकीत आणी. मग सुतार आणि लोहार मिळून त्यावर केबिन उभी करीत, हौदा बांधीत, मागे फाळका लावीत. मालक म्हणेल तसे त्यात फेरफार होत. कोणी सीटमागे निजायला फळी ठोकून घेई, कोणी टपावर सामानाची जाळी, कोणी पाण्याच्या पिंपाला कोनाडा. तेव्हा आपल्या मागणीप्रमाणे गाडी बांधून घेणे ही येथे नवलाई नव्हती. तोच रिवाज होता.

या कारागिरांना एक मर्म ठाऊक होते. सांगाड्याच्या त्या दोन तुळया मुद्दामच थोड्या पिळवटतील अशा केलेल्या असतात. एक चाक दगडावर चढले आणि तिरप्या टोकाचे चाक खड्ड्यात गेले, की सबंध सांगाडा किंचित पीळ खातो आणि म्हणूनच चारही चाके जमीन धरून राहतात. आता त्यावर ताठ, बंद खोली चहूबाजूंनी बोल्टांनी घट्ट आवळली, तर काय होईल? सांगाडा वळू पाहील, खोली वळू देणार नाही. मग दारे अडकतात, काचा तडकतात, सांधे उकलतात, आणि अखेरीस तुळईलाच चीर जाते. जुना सुतार तुळईवर लाकडाची लांब फळी टाकी आणि यू-बोल्टने ती बांधी. लाकूड दबे, कुरकुरे, पण मोडत नसे. आजचे फिरते घर बांधणारे हेच काम अधिक नेटके करतात. खोली तीन-चार ठिकाणीच टेकवायची, तेथे फिरता खिळा किंवा दणकट स्प्रिंग द्यायची, आणि केबिन व खोली यांमधली वाट लवचीक ठेवायची. पाण्याचाही हिशेब असतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझे. ते उंचावर ठेवले तर वळणावर गाडी कलंडू पाहते. म्हणून टाकी शक्य तितकी खाली आणि दोन आसांच्या मध्ये. आपली आजी प्रवासाला निघताना जड डबा गाठोड्याच्या तळाशी ठेवी, त्यातलाच हा प्रकार!

परंतु मालमोटारीत खरा संसार केला तो आपल्या कलावंतांनी. वाचकांपैकी वडील मंडळींना जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवत असेल. दसरा-दिवाळीनंतर टुरिंग टॉकीजच्या जुन्या मोटारी बाहेर निघत त्या उन्हाळा संपेपर्यंत गावोगाव हिंडत. कित्येक गाड्यांत प्रोजेक्टर कायमचाच बसविलेला असे. गाडी तंबूच्या एका टोकाला उभी करायची, मागचा भाग उघडायचा, की समोरच्या पडद्यावर खेळ सुरू. खेळ संपला की त्याच यंत्राशेजारी पथारी. सकाळी गाडीच्या सावलीत चूल. सिनेमाघर तेच आणि राहते घरही तेच. अमित मधेशिया व शर्ली अब्राहम यांनी महाराष्ट्रातल्या अशा लोकांवर कित्येक वर्षे खपून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला. तोवर हे तंबू अस्ताला लागले होते.

तमाशाच्या फडांचेही तसेच. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावकरी येऊन यात्रेची सुपारी देतात. आज या गावी, उद्या साठ कोस दूर. खेळ पहाटे संपायचा, तंबू उतरवून गाडीत चढवायचा, आणि सामानाच्या गाठोड्यांवरच डोके टेकायचे. फडातल्या बाईचे माजघर, न्हाणीघर, मुलाचा पाळणा हे सारे त्या ताडपत्रीखाली. विठाबाई नारायणगावकरांसारख्या थोर कलावतीचे (१९३५–२००२) आयुष्य अशाच फिरस्तीत गेले. त्यांच्या गाडीला कोणी ‘कॅराव्हान’ म्हटले नाही.

आज कायद्याने या क्षेत्रात शिस्त आणली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय यांमुळे कारखान्याने ठरविलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. ते योग्यच आहे. वेडीवाकडी बांधलेली गाडी रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव घेते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली पर्यटनासाठी कॅराव्हानचे धोरणही आखले. अशा गाड्या आणि त्यांचे तळ कसे असावेत, हे त्यात आले. हौशी प्रवाशाचा विचार झाला, याचा आनंदच आहे.

पण जो हौसेने नव्हे, तर पोटासाठी गाडीत राहतो, त्याचे काय? त्याचा विचार उशिरा झाला, पण झाला. साडेतीन टनांवरील मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन हवेच, असा केंद्र सरकारचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना लागू झाला. एंजिनाच्या धगीशेजारी उन्हाळे काढणाऱ्या माणसाला थंड हवेचा हक्क मिळायला, शिवडीच्या पहिल्या गाडीपासून मोजले, तर सत्त्याण्णव वर्षे लागली! आणि जुन्या गाड्यांत निजणाऱ्यांना तो अजूनही नाहीच.

फिरते घर बांधणाऱ्या हौशी माणसाने या इतिहासाकडे पाठ फिरवू नये, एवढेच म्हणणे. आपण नवे काही करीत नाही; तांडेवाला, तंबूवाला, फडवाली आणि ड्रायव्हर यांनी जे निरुपायाने केले, तेच आपण सोयीने करीत आहोत. त्यांच्या अनुभवातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यांचे देणेही आपल्याकडे लागते. रस्त्याकडेला गाडी लावायला सुरक्षित जागा, स्वच्छ पाणी, आंघोळीची सोय, रात्री निर्धास्त झोप: पर्यटकाच्या तळावर जे असावे असे आपल्याला वाटते, ते ड्रायव्हरच्या थांब्यावर का असू नये?

दसऱ्याला बांधलेला झेंडूचा हार दिवाळीपर्यंत सुकून जातो, पण गाडीच्या तोंडाशी तसाच असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुम्ही घोडबंदरच्या रस्त्याने घरी परतत असाल, तर कडेच्या गाड्यांकडे पाहा. एखाद्या केबिनच्या काचेआड, देवाच्या तसबिरीपुढे, एक लहानशी पणती मिणमिणताना दिसेल. त्या घरीही त्या रात्री दिवाळीच असते. तुमच्या फराळाच्या डब्यातले चार लाडू तेथे पोचते झाले, तर घरच्या माणसाला दिल्यासारखेच होईल.