'सोडली तर जाड होईन': एका भीतीचा इतिहास

आमच्या लॅबमधल्या एका सीनियरने जानेवारीत सिगरेट सोडली. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा टपरीवर दिसला. विचारलं तर म्हणाला, "अगं, दीड किलो वाढलोय. सारखं काहीतरी खावंसं वाटतं. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत ढोल्या होईन." मी त्याला म्हणाले, थांब, यावरचे दोन पेपर पाठवते. माझं काम चयापचयावर आहे, तंबाखूवर नाही, त्यामुळे दोन पेपरमध्ये भागेल असं खरंच वाटलं होतं. भागलं नाही. एकातून दुसरा निघत गेला आणि मी पार सोळाव्या शतकात जाऊन पोचले. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवते. तुमच्यापैकी जे संशोधनाच्या तयारीत आहेत त्यांना यात सिगरेटपेक्षा 'नक्की काय मोजलं?' हा प्रश्न जास्त उपयोगी पडेल.

आधी त्याच्या तक्रारीचं बघू. ती खोटी नाही. २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ओबँ आणि सहकाऱ्यांचं एक मेटा-ॲनालिसिस आलं. कोणतंही औषध न घेता धूम्रपान सोडून वर्षभर दूर राहिलेल्यांचं वजन सरासरी किती वाढतं, ते त्यांनी काढलं. एका महिन्यात साधारण १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ आणि बारा महिन्यांत ४.७. म्हणजे वाढीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो. पण त्याच पेपरमधला पुढचा आकडा फारसा कोणी सांगत नाही. वर्षअखेर साधारण १६ टक्के लोकांचं वजन उलट कमी झालं होतं आणि १३ टक्के लोकांचं १० किलोंहून जास्त वाढलं होतं. सरासरी ४.७ आहे म्हणून तुमचं वजनही ४.७ने वाढेल असा त्याचा अर्थ नाही. हे वाक्य स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या तासाला आपण सगळे ऐकतो आणि स्वतःच्या वजनकाट्यावर उभं राहिलो की विसरतो.

आता मागे जाऊ. तंबाखूने भूक मरते हे युरोपातल्या डॉक्टरांना निकोटीन नावाचं रसायन माहीत होण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७१ मध्ये अमेरिकेतून येणाऱ्या वनस्पतींवरच्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात तंबाखूवर लिहिलं. तिथले मूळ रहिवासी तंबाखू आणि शिंपल्यांचा चुना एकत्र करून त्याच्या गोळ्या करतात, ओसाड मुलखातून प्रवास करताना त्या तोंडात धरतात आणि तीन-चार दिवस अन्नपाण्यावाचून काढतात, असं त्याने नोंदवलं आहे. हे वाचताना मी थबकले. तंबाखू आणि चुना! आपल्याकडे तळहातावर मळतात तेच की. चुन्यामुळे तोंडातला सामू वाढतो, निकोटीन मुक्त रूपात येतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात जातं. रसायनशास्त्र माहीत नसताना समुद्राच्या दोन्ही बाजूंना लोक याच कृतीवर टिकून राहिले.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. अकबराचा अधिकारी असदबेग विजापूरच्या मोहिमेवरून १६०४च्या सुमारास परतला तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणि सजवलेला हुक्का नेला. कारण उत्तरेत ती नवलाईची होती आणि आदिलशाहीत मिळत होती. दरबारात ती शौक म्हणून पोचली. शेतात, गिरणीत, उसाच्या फडात मात्र तिचं काम वेगळं होतं. चंचीतून काढून भरलेला बार हा दोन जेवणांमधली लांब पोकळी भरण्याचा मार्ग होता. ज्याला सकाळची भाकरी अर्धीच मिळाली आहे त्याला भूक मारणं ही सोय होती. मशेरीचंही थोडंफार तसंच. दात घासायच्या निमित्ताने सकाळी लावायची आणि मग दिवसातून दोनदा, तीनदा, कधी पाचदा. कामाच्या रगाड्यात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला ती आधार देते, असं आजही ऐकू येतं.

'बारीक राहण्यासाठी तंबाखू' ही कल्पना या सगळ्यानंतरची आणि पोट भरलेल्यांच्या जगातली. तिची जन्मतारीख जवळपास सांगता येते. १९२८ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने लकी स्ट्राइक सिगरेटची मोहीम काढली. सांगणं सरळ होतं: गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी सिगरेट पेटवा. रोख मुख्यतः स्त्रियांवर होता. कंपनीचे प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांच्यासाठी जनसंपर्काचं काम एडवर्ड बर्नेज करत होते. सडपातळ देह हाच सुंदर, हे बिंबवण्यासाठी त्यांनी छायाचित्रकार, नृत्यशिक्षक, डॉक्टर अशा लोकांची मतं गोळा करून पसरवली. मिठाईवाले अर्थातच खवळले. पुढे १९३० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सिगरेटने वजन ताब्यात राहतं असा प्रचार थांबवायला लावला. जाहिरात गेली, समजूत राहिली. माझ्या सीनियरच्या तोंडून टपरीवर जे निघालं ते जवळपास शंभर वर्षं जुनं जाहिरातीचं वाक्य आहे, फक्त उलटं फिरवलेलं.

या समजुतीमागची यंत्रणा प्रयोगशाळेत पकडायला बराच काळ गेला. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने आठ धूम्रपान करणाऱ्यांना बंद खोलीत ठेवून त्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाखर्च मोजला, एकदा दिवसाला २४ सिगरेटी ओढताना आणि एकदा न ओढता. फरक साधारण १० टक्के निघाला, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी. आपल्या ताटात बोलायचं तर दोनेक पोळ्या. (आठच माणसं, हे लक्षात ठेवा. पण मोजमाप इतकं काटेकोर होतं की पेपर टिकला.) भुकेच्या बाजूचं कोडं २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या मरीना पिचोटो यांच्या गटाने उंदरांवर थोडं सोडवलं: निकोटीन हायपोथॅलॅमसमधल्या, भूक आवरणाऱ्या 'पॉम्क' चेतापेशींना जागं करतं. म्हणजे सोडल्यावर दोन गोष्टी एकदम होतात. खर्च थोडा कमी होतो आणि भुकेवरचं झाकण निघतं. इच्छाशक्तीचा प्रश्न नंतर येतो.

इथपर्यंतचे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या सिगरेट ओढणाऱ्यांचे आहेत. महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. २०१६-१७ च्या 'गॅट्स' सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. मग आपल्याकडे तंबाखू आणि वजन यांचा संबंध कोणी तपासला?

तपासला, आणि तो मुंबईत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मतदारयाद्या हातात घेऊन मुंबई शहरात घरोघर जाऊन ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ लोकांची नोंद केली. तीही हातातल्या छोट्या संगणकांवर! भारतात तेव्हा कितीजणांनी संगणक बघितला होता, याचा विचार करा. पुरुषांत ६९.३ टक्के आणि स्त्रियांत ५७.५ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. स्त्रियांची जवळपास सगळी धूरविरहित. वजन-उंचीही मोजली होती. त्यावरून २००२ आणि २००६ मध्ये आलेल्या पेपरांत दिसलं की तंबाखू वापरणाऱ्यांचा बीएमआय न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आहे, आणि हे फक्त सिगरेट-विडीचं नाही, चघळायच्या तंबाखूचंही आहे.

बघा, लकी स्ट्राइकच्या जाहिरातवाल्याला हा निष्कर्ष दिला असता तर तो नाचला असता. पण याच शहरातल्या मोठ्या गटाचा, १,४८,१७३ लोकांचा, पाठपुरावा पुढे झाला आणि २००८ मध्ये मृत्यूंचे आकडे प्रसिद्ध झाले. अतिकृश लोकांत मृत्यूचा धोका खूप जास्त होता, त्यात क्षयरोगाचा वाटा ठळक. न्यूयॉर्कमधल्या जाहिरातीत जो बारीकपणा फॅशन होता, तो मुंबईच्या चाळीत कुपोषण आणि क्षय यांच्या शेजारी उभा होता. बीएमआयचा आकडा तोच, अर्थ पूर्ण वेगळा. इथे घाई करू नका मात्र. तंबाखूने बारीक केलं, की गरिबीने एकाच वेळी तंबाखूही दिली आणि बारीकही केलं? एकदाच मोजून हे सुटत नाही. शिक्षण, वय हिशेबात धरलं तरी थोडं कन्फाउंडिंग उरतंच. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

गर्भवतींच्या बाबतीत मात्र पुरावा जास्त घट्ट आहे, कारण तिथे आधी सवय नोंदवून मग बाळाची वाट पाहिली. गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास केला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन इतर घटक धरूनही सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. पेपर २००४ चा.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी पुण्याचा एक पेपर 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि वजनाच्या सगळ्या चर्चेला त्याने आडवा छेद दिला. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचे फोटो शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोन पानांत मावेल एवढा मजकूर आणि स्वतःच्याच शरीराचा डेटा! पुण्याजवळच्या गावांतल्या गर्भवतींवर १९९३ पासून चाललेल्या कामातून त्यांच्या गटाने हेच बाळांत दाखवलं होतं: इथली बाळं सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण वजन कमी असूनही आपल्या बाळांची चरबी त्या मानाने टिकून असते. (हा पेपर आणि मशेरीचा पेपर जोडून नवी गोष्ट तयार करू नका. दोन्हीत मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत.)

आता सीनियरकडे परत. तो म्हणतो, मी बारीक आहे, सिगरेटमुळे तसाच राहीन. पण धूम्रपान करणाऱ्यांचं वजन कमी असलं तरी चरबी पोटाभोवती जमण्याची प्रवृत्ती जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यात आपला पुणेरी बारीक-जाड देह. वजनकाटा त्याला यातलं काहीच सांगत नव्हता. पण त्याची भीती अगदीच निराधार होती असंही नाही. २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या गटांचा अभ्यास आला. सोडल्यानंतर पाच-सात वर्षांपर्यंत टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढतो आणि ही वाढ वजनवाढीवर अवलंबून असते, वजन न वाढलेल्यांत ती दिसली नाही. मात्र मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा वजन वाढलेल्यांनाही मिळाला.

मग सोडतानाच डाएट करावं का? इथे गंमत आहे. १९९२ मध्ये शॅरन हॉल यांच्या चाचणीत वजनावर नियंत्रणाचा कार्यक्रम जोडलेल्या लोकांनी सिगरेटपासून दूर राहण्यात उलट वाईट कामगिरी केली. उपाशी माणसाला दोन आघाड्यांवर लढायला लावलं की तो दोन्हीकडे हरतो, असा अंदाज. १९९९ मध्ये स्वीडनच्या डॅनिएलसन यांनी वजनाच्या भीतीने आधी हरलेल्या स्त्रियांना निकोटीन गमसोबत अधूनमधून अगदी कमी कॅलरींचा आहार दिला, तर १६ आठवड्यांनी यश ५० टक्के, नुसत्या गमवाल्यांत ३५. आणि २००१ मध्ये पर्किन्स यांनी तिसराच रस्ता धरला: वजन नव्हे, वजनाची चिंता कमी करायची. वर्षभराने त्या गटात २१ टक्के टिकल्या, वजन-नियंत्रणाच्या गटात १३, साध्या गटात ९. मला पर्किन्सचा निकाल जास्त पटतो, कारण त्याने भीतीलाच हात घातला. पण तीन चाचण्यांची माणसं वेगळी, आहार वेगळा, म्हणून 'विज्ञानाचं काही ठरत नाही' असं म्हणून मोकळं होऊ नका. पद्धतीचा भाग उघडून शेजारी शेजारी ठेवा.

सीनियरला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला तीन गोष्टी सांगितल्या. तलफ काही मिनिटांची असते, तेवढा वेळ तोंडाला काम दे: फुटाणे, काकडी, बडीशेप, लवंग. सुपारी नको, ती स्वतःच कर्करोगकारक आहे. दुसरं, चहा निम्मा कर. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर संपवतं, धूर थांबला की तोच चहा रक्तात जास्त वेळ रेंगाळतो. धडधड, झोप न लागणं हे सगळं आपण सिगरेटच्या नावावर खपवतो. (तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, दोष धुराचा आहे, निकोटीनचा नाही.) तिसरं, चिडचिड साधारण चार आठवड्यांत ओसरते, वाढलेली भूक त्याहून जास्त टिकते. म्हणून सहाव्या आठवड्यात भूक लागली तर आपण हरतोय असं समजू नकोस. आणि १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे, तिथे फोन कर.

मार्चमध्ये त्याने पुन्हा सोडली. या वेळी वजनकाटा खोलीतून बाहेर ठेवलाय आणि लक्ष्मी रोडवरून शिंप्याची टेप आणलीय, कमर मोजायला. मागच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाला, "एक इंच वाढलोय, पण जिना चढताना धाप लागत नाही." फुटाण्यांचा डबा आता आमच्या इनक्युबेटरशेजारी असतो आणि रोज संध्याकाळपर्यंत संपतो. त्यातले अर्धे मीच खाते.