दत्तक मूल आणि त्याचे पहिले घर



इतिहासाच्या पुस्तकात दत्तकाचे प्रकरण आले की आपण तत्काळ डलहौसीकडे वळतो. सातारा गेले, झाशी गेली, नागपूर गेले. खालसा झालेल्या राज्यांची यादी पाठ म्हणून दाखविली की प्रकरण संपते. ज्या मुलाला मांडीवर घेण्यावरून एवढे रणकंदन माजले, त्या मुलाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आपण तेवढेच विचारू.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण वैनगंगेकाठचा हा प्रदेश एके काळी नागपूरकर भोसल्यांचा होता. १८१८ साली इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले आणि गादीसाठी दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा निवडला. त्याचे नाव बाजीबा गुजर, वय दहाएक वर्षांचे. राजघराण्यातील स्त्रियांनी त्याला दत्तक घेतले आणि बाजीबा गुजर नाहीसा होऊन तिसरे रघूजी भोसले उदयास आले. ते ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले, तेव्हा यशवंतराव अहेर नावाच्या आप्ताकडून त्यांचे उत्तरकार्य करविण्यात आले. तोच पुढे दत्तक होऊन जानोजी भोसले झाला. पण राज्य १८५४ साली गेलेच होते. दोन पिढ्यांत दोन मुलगे, आणि दोघांचीही नावे पुसली गेली.

झाशीची गोष्ट तर याहून हृदयद्रावक आहे. राणी लक्ष्मीबाईंचा स्वतःचा मुलगा दामोदर तान्हेपणीच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव अंथरुणाला खिळले असता नेवाळकरांच्या भाऊबंदांतला आनंदराव नावाचा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव ठेवले दामोदर. मेलेल्या मुलाचे नाव जिवंत मुलाला! राणीच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या पोराच्या मनात काय उठले असेल? इतिहासकारांनी त्याची दखल घेतलेली नाही.

याचे कारण शास्त्रातच आहे. दत्तक घ्यावयाचा तो पिंडासाठी, वंशासाठी, मिळकतीसाठी. दत्तकाने जनक पित्याचे गोत्र व धन घेऊ नये, असे मनूने सांगून ठेवले आहे. मुलगी या हिशेबात कोठेच बसत नव्हती. हिंदू कायद्याने तिच्या दत्तकाला मोकळी वाट दिली ती १९५६ साली. मुलाच्या हितासाठी दत्तक, ही कल्पना जुन्या व्यवस्थेत शोधून सापडावयाची नाही.

तरीही या व्यवस्थेची एक बाजू आपण सहसा ध्यानात घेत नाही. हा दत्तक स्वार्थी होता. पण चोरटा नव्हता. होमहवन होई, भाऊबंद साक्षीला असत. शिवाय गोत्र तुटले तरी सोयरिकीचा निषेध तुटत नसे. जन्मघरातील ज्या नात्यांत लग्न वर्ज्य, तेथे दत्तक गेल्यावरही ते वर्ज्यच. १९५६ च्या कायद्यानेही हे कायम ठेवले. म्हणजे तुझे रक्त कोठले, हे मुलाला सांगणे भागच होते. शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांकडून कोल्हापूरच्या गादीवर आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. आई आधीच गेलेली. पण जनक पिता आबासाहेब कोल्हापुरातच कारभारी होते आणि धाकटे बंधू बापूसाहेब जन्मभर बरोबर राहिले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याचेही सख्खे भाऊ पुढे बडोद्यास आले. नाव बदलले, माणसे तुटली नाहीत. या दोन पुरुषांच्या मोठेपणाचे श्रेय आम्ही एवढ्याला देत नाही. परंतु पोरवयात हा आधार लहान नव्हे.

लपवाछपवी आली ती निराळ्या वाटेने, आणि तीही दयेच्या पोटी. विधवेला मूल झाले तर तिला जगण्याला जागा उरत नसे. म्हणून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि गुप्तपणे येऊन बाळंत व्हा, असे अभय दिले. १८७५ साली पंढरपुरातही अशांसाठी बालकाश्रम निघाला. आईचा जीव वाचवावयाचा तर तिचे नाव झाकणे प्राप्तच होते. मात्र आईच्या संरक्षणाची किंमत मुलाने भरली: त्याला वाढ मिळाली, मूळ मिळाले नाही.

फुले दांपत्याने स्वतःपुरती ही कोंडी फोडली. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आपला मानला आणि १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याच्या जन्माची हकीकत उघडपणे नमूद केली. समाजाने मात्र सोडले नाही. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे, यावर भाऊबंदांनी वाद घातला. अखेर सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आई रोगी आणीत होती आणि मुलगा उपचार करीत होता. त्याच साथीत १० मार्च रोजी ती गेली. आम्हांस वाटते, यशवंताला सल लागला असेल तर तो सत्याचा नव्हे, लोकांच्या तुच्छतेचा.

मुलाच्या मनाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे त्यानंतर बऱ्याच काळाने आले. महायुद्धाने बेघर केलेल्या मुलांचा प्रश्न पुढे असताना इंग्रज मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी याने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला. नुसत्या अन्नवस्त्राने मूल वाढत नाही, एका माणसाची अखंड माया लागते, हा त्याचा गाभा. जन्माची नोंद पाहण्याचा हक्क मोठ्या झालेल्या दत्तकाला स्कॉटलंडने १९३० सालीच दिला होता. इंग्लंडला १९७५ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे परदेशी जाणाऱ्या मुलांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात निर्बंध घालून दिले. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मूल सोपविणाऱ्या आईबापांना फेरविचाराला दोन महिने दिले आणि दत्तक देताना मुलाच्या वयाप्रमाणे त्याची इच्छाही लक्षात घ्यावी, असे म्हटले. बाजीबाला किंवा आनंदरावाला हे विचारणारे कोणी नव्हते. मोठ्या झालेल्या मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्याची वाटही आता नियमांत आहे. मात्र आईने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर तिच्या संमतीवाचून ते द्यावयाचे नाही. १८६३ च्या त्या अभयाशी आजचे हे कलम जुळते. आणि जे मूल पाळण्यात किंवा फलाटावर सापडले, त्याच्यापुढे आईच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. त्याच्यासाठी उरते ते त्या दिवशी संस्थेच्या वहीत कोणी चार ओळी लिहिल्या असतील तेवढेच: कोठे सापडले, किती वाजता, अंगावर कोणते कापड होते.