गायक पक्ष्यांच्या मेंदूतील ऋतुबदल

समशीतोष्ण प्रदेशातील अनेक गायक पक्ष्यांच्या मेंदूतील गाण्याचे नियंत्रण करणारी केंद्रे विणीच्या हंगामात मोठी होतात आणि हंगाम सरल्यावर पुन्हा आकसतात. दिवसमानातील बदल आणि त्यानुसार रक्तात वाढणारे-घटणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक ही याची प्रमुख कारणे आहेत. प्रौढ प्राण्याच्या मेंदूची रचना कायमची ठरलेली असते, हा समज मोडण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

गानकेंद्रे

गायक पक्षी आपले गाणे इतर पक्ष्यांचे ऐकून शिकतात. त्यासाठी त्यांच्या अग्रमस्तिष्कात परस्परांना जोडलेल्या पेशीसमूहांची साखळी असते. 'एचव्हीसी' या केंद्राकडून 'आरए' या केंद्राकडे संदेश जातात आणि तेथून श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरेंद्रियाच्या स्नायूंचे नियंत्रण होते. 'एरिया एक्स' हे केंद्र गाणे शिकण्याशी संबंधित आहे.

शोधाचा इतिहास

रॉकफेलर विद्यापीठातील शास्त्रज्ञ फर्नांडो नॉटेबोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतील या केंद्रांचे वर्णन केले. १९८१ मध्ये नॉटेबोम यांनी दाखवून दिले की, नर कॅनरीमध्ये वसंतातील एचव्हीसीचे आकारमान शरदातील आकारमानापेक्षा ९९ टक्के, तर आरएचे ७६ टक्के अधिक असते. वसंतात नराचे गाणे पक्के व स्थिर असते. शरदात, पिसे झडण्याच्या काळाअखेर, तो कित्येक महिने गायलेला नसतो.

दिवसमान आणि संप्रेरके

पक्षी दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी ओळखत नाहीत. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशींना जाणवतो. दिवस मोठा होऊ लागला की अधश्चेतकाकडून पीयूषिका ग्रंथीला संदेश मिळतो, तिच्या संप्रेरकांमुळे वृषण वाढतात आणि ते टेस्टोस्टेरॉन स्रवू लागतात. मेंदूतील अ‍ॅरोमाटेज हे विकर त्यातील काही भागाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. दोन्ही प्रकारची संप्रेरके गानकेंद्रांवर परिणाम करतात. एरवी क्वचितच गाणाऱ्या कॅनरी मादीला टेस्टोस्टेरॉन दिल्यास तिची गानकेंद्रे वाढतात आणि ती नरासारखी गाऊ लागते.

हा परिणाम साखळीतून पुढे सरकतो. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या उत्तर अमेरिकी पक्ष्याच्या एचव्हीसीजवळ टेस्टोस्टेरॉन सोडले असता आरए आणि एरिया एक्स ही केंद्रेही वाढली. आरएजवळ सोडले असता मात्र तशी वाढ झाली नाही. याच पक्ष्यावरील २००७ च्या प्रयोगात टेस्टोस्टेरॉन बंद करून लहान दिवसमान दिल्यावर अवघ्या १२ तासांत एचव्हीसीचे आकारमान २२ टक्क्यांनी घटले. इतर केंद्रांना आकसण्यास अधिक दिवस लागले.

चेतापेशींची नवनिर्मिती

आकारमानातील वाढ सर्व केंद्रांत एकाच पद्धतीने होत नाही. आरएमध्ये पेशींची संख्या तीच राहते, पण पेशी व त्यांच्या शाखा वाढतात आणि त्यांच्यातील अंतरही वाढते. एचव्हीसीमध्ये मात्र नव्या चेतापेशींची भर पडते. मेंदूतील पोकळ्यांच्या भिंतीत जन्मलेल्या या पेशी स्थलांतर करून एचव्हीसीत पोहोचतात. १९८३ मध्ये स्टीव्हन गोल्डमन व नॉटेबोम यांनी प्रौढ कॅनरीमध्ये नव्या चेतापेशी तयार होत असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी या पेशी प्रत्यक्ष कार्यरत जाळ्यात सामील होतात, हेही स्पष्ट झाले. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकात उंदरांमध्ये अशी नवनिर्मिती नोंदवली होती. परंतु तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नव्हते.

बदलांचा उद्देश

कॅनरी दरवर्षी आपल्या गाण्यात नवे स्वरखंड जोडतो. त्यामुळे हे बदल नवे शिकण्यासाठी जागा करून देतात, असे प्रथम मानले गेले. मात्र साँग स्पॅरोसारखे पक्षी आयुष्याच्या पहिल्या वर्षानंतर नवे गाणे शिकत नाहीत, तरीही त्यांची केंद्रे ऋतूनुसार बदलतात. म्हणून केवळ शिकण्याच्या आधारे या घटनेचे स्पष्टीकरण देता येत नाही. चेतापेशींना पोसण्यास बरीच ऊर्जा लागते. गाण्याची गरज नसलेल्या काळात ती वाचवणे हा या आकसण्याचा एक लाभ मानला जातो. हंगामाबाहेर या पक्ष्यांचे गाणे कमी व अस्थिर होते आणि केंद्रे पुन्हा वाढल्यावर ते पूर्ववत पक्के होते.

महत्त्व

प्रौढ मेंदूत चेतापेशी कशा मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी कशा घेतात, हे निसर्गात दरवर्षी घडताना पाहण्याची संधी या पक्ष्यांमुळे मिळते. त्यामुळे मेंदूच्या इजा व ऱ्हासाच्या विकारांवरील संशोधनातही ते उपयुक्त ठरले आहेत.