श्वेडगॉनच्या पायथ्याशी काढलेले बूट

हेब्बाळच्या घरातून पुन्हा एकदा तुमच्यासमोर आहे. मागच्या भागात आपण रंगूनच्या उत्तरेला ताउकजानच्या युद्धस्मारकावर गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना कबरसुद्धा मिळाली नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत, आणि त्यातली बहुतेक नावं आपल्याकडची आहेत. तो भाग पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, एवढं रंगूनला गेलात तर श्वेडगॉन पॅगोडा पाहिलात का? परदेशी माणसाला आत सोडतात का?

सोडतात. परदेशी माणसाला तिकीट काढावं लागतं, शर्टाला एक स्टिकर चिकटवतात, आणि एक अट असते, अनवाणी जायचं. आजचा सगळा भाग या एका अटीबद्दल आहे.

मार्चमधली दुपार होती. दक्षिणेच्या दारापाशी मी बूट काढून ठेवले आणि मोजे तसेच ठेवून निघालो. वर संगमरवरी फरशी तापलेली असणार, हा हिशेब. तिथल्या मुलीने हसून माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मोजेही काढा. मी जरा कुरकुरलो. छत्तीस वर्षं बुटांत काढलेल्या माणसाची पावलं नाजूक असतात, हे कुणाला खरं वाटत नाही. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, घरी देवघरात मोजे घालून जाता का?" विषय संपला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण या टेकडीवर आपल्याच देशाची माणसं बूट घालून चढली होती, हे मी आधी वाचलेलं होतं.

पॅगोडा कसा आहे ते आधी सांगतो. सिंगुत्तर नावाच्या टेकडीवर जवळजवळ ९९ मीटर उंचीचा, पायापासून टोकापर्यंत सोन्याने मढवलेला स्तूप. परंपरा सांगते की तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापारी भावांनी बुद्धाचे आठ केस इथे आणले. पुरातत्त्ववाले बांधकाम बरंच अलीकडचं, साधारण सहाव्या ते दहाव्या शतकातलं मानतात. पंधराव्या शतकात शिनसॉबू राणीने स्वतःच्या वजनाइतकं सोनं दिलं आणि सोनं चढवण्याची रीत तिथून पडली. तिच्यानंतरच्या धम्मझेदी राजाचा १४८५ चा शिलालेख पाली, मोन आणि बर्मी अशा तीन भाषांत आहे.

आता या ठिकाणी आलेला परदेशी प्रवासी. इंग्रजांपैकी पहिला म्हणून राल्फ फिच या व्यापाऱ्याचं नाव घेतात. त्याच्या गोष्टीत आपल्या मराठीचा एक माणूस डोकावतो. फिच आणि त्याच्या सोबत्यांना पोर्तुगीजांनी होर्मुझला पकडून १५८३ मध्ये गोव्याच्या तुरुंगात आणलं. हेर असल्याचा संशय होता. त्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकणाऱ्यांत होते फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजे ज्यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचलं तेच. जामिनावर सुटल्यावर १५८४ मध्ये फिच गोव्यातून निसटला तो बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असा वर उत्तरेत. तिथून बंगाल, आणि १५८६ च्या सुमारास पेगू. त्याने श्वेडगॉन पाहिला आणि मनापासून वाखाणला. ख्रिस्तपुराणकारांनी शब्द टाकला नसता तर हा गडी गोव्याच्या तुरुंगातच कुजला असता.

फिच पाहून गेला. त्याच्या मागोमाग आलेल्यांची नजर वेगळी होती. फिलिप दि ब्रितो हा पोर्तुगीज रंगूनजवळच्या सिरियममध्ये ठाण मांडून बसला, त्याच्या पाठीशी गोव्याचा व्हाइसरॉय. १६०८ मध्ये त्याने धम्मझेदीची प्रचंड घंटा पॅगोड्यावरून उतरवली. वितळवून तोफा ओतायच्या होत्या. तराफा नदीत बुडाला, घंटा अजून सापडलेली नाही. ब्रितोला १६१३ मध्ये बर्मी राजाने सुळावर चढवलं.

इथून पुढे माझ्या पेशाचा इतिहास सुरू होतो, म्हणून जरा सावकाश बोलतो.

११ मे १८२४ रोजी सर आर्चिबाल्ड कॅम्पबेलची फौज रंगूनला उतरली. ही फौज कुणाची होती? गोऱ्या पलटणी होत्याच, पण मोठी संख्या मद्रास आर्मीच्या शिपायांची, समुद्रमार्गे आणलेल्या. नकाशा पाहिलात तर कुणीही लष्करी माणूस सांगेल की त्या सपाट प्रदेशात ताबा घ्यावा अशी एकच जागा, श्वेडगॉनची टेकडी. तोफा वर चढवल्या, प्रार्थनामंडपांत सैनिक राहू लागले. डिसेंबरमध्ये महाबंदुला हा बर्मी सेनापती मोठं सैन्य घेऊन चालून आला, तेव्हा स्वतःचंच सर्वांत पवित्र देऊळ त्याला शत्रूच्या किल्ल्यासारखं वेढावं लागलं. त्यात त्याला यश आलं नाही.

त्याच मुक्कामात, १८२५ मध्ये, इंग्रजांनी लुटीचा माल म्हणून दुसरी एक घंटा उचलली, सुमारे २३ टनांची. तीही नदीत पडली. इंग्रजी इंजिनिअरांना ती वर काढता येईना. बर्मी लोक म्हणाले, आम्ही काढतो, पण मग ती आमची. त्यांनी पाण्यात बुड्या मारून घंटेला बांबू बांधत नेले, इतके बांधले की घंटा तरंगून वर आली. आज ती पॅगोड्यावर वायव्येच्या मंडपात आहे. मी तिला हात लावला. लोक लाकडी दांड्याने तीन टोले देतात, मीही दिले.

१८५२ मध्ये दुसरं युद्ध. १४ एप्रिलला पूर्वेच्या बाजूने हल्ला करून जनरल गॉडविनच्या फौजेने टेकडी घेतली. पायऱ्यांवर चढणाऱ्यांत गोऱ्या पलटणींबरोबर बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाईही होते. रंगूनच्या त्या मोहिमेत मद्रास सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. हे सॅपर्स म्हणजे इथलेच, आमच्या हेब्बाळहून फारसं लांब नसलेल्या अलसूरचे. मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या युद्धसन्मानांत 'आवा' आणि 'पेगू' ही दोन नावं आहेत. पहिलं युद्ध आणि दुसरं युद्ध. तरुणपणी अशा याद्या आम्ही छाती फुगवून पाठ केल्या. त्या नावांखाली कुठली टेकडी आहे, हे कुणी शिकवलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

शिपाई सगळे मुकाट गेले असंही नाही. १८२४ मध्ये बराकपूरला ४७ व्या बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीने ब्रह्मदेशात जायला नकार दिला. त्यांच्यावर तोफा डागल्या आणि पलटणीचं नाव यादीतून पुसलं. १८५२ मध्ये ३८ व्या पलटणीने समुद्रमार्गे जायला नकार दिला. कारणं जातीची, काळ्या पाण्याची, भत्त्याची, सामान वाहायला बैल न मिळण्याची. बर्मी लोकांच्या देवळाबद्दल कळवळा म्हणून कुणी अडून बसलं नव्हतं, आणि तसं रंगवून सांगणं मला पटत नाही. जे गेले ते पगारासाठी आणि हुकमासाठी गेले. मीही आयुष्यभर त्याच दोन गोष्टींसाठी गेलो, फक्त माझा हुकूम माझ्या देशाचा होता.

१८५२ नंतर टेकडीवर लष्करी ठाणं बसलं ते १९२९ पर्यंत. म्हणजे ७७ वर्षं. भाविकांना वर येऊ देत, पण पश्चिमेचा जिना गॅरिसनकडे होता आणि लोकांना बंद. १८७१ मध्ये मंडालेच्या मिंडोन राजाने पॅगोड्याच्या शिखरासाठी रत्नजडित छत्र पाठवलं. इंग्रजांनी छत्र चढवू दिलं, राजाला स्वतःला येऊ दिलं नाही. एवढा मोठा बौद्ध राजा, त्याचं दान आत आणि तो बाहेर. परदेशी प्रवासी म्हणून तिकीट काढून मी जिथे गेलो, तिथे त्याला तिकीटही मिळालं नसतं.

बुटांचा प्रश्नही त्याच सुमाराचा. मंडालेच्या दरबारात राजासमोर जाताना जोडे काढायची रीत, आपल्याकडच्या दरबारांसारखीच. इंग्रज वकील कुरकुरत ती पाळत. १८७५ मध्ये सर डग्लस फोर्साइथ मंडालेला जाऊन आला, आणि त्यानंतर कलकत्त्याच्या सरकारने ठरवलं की यापुढे आमचा रेसिडेंट जोडे काढणार नाही. राजा म्हणाला, मग भेट नाही. दोन सरकारांमधलं समोरासमोरचं बोलणं जोड्यांपायी बंद पडलं. १८८५ चं तिसरं युद्ध सागवानाच्या दंडामुळे आणि फ्रेंचांच्या भीतीमुळे झालं हे खरं, पण ज्या दरबारात आपला माणूस दहा वर्षं पाऊल टाकत नाही त्याच्याबद्दल वाटेल ते खरं वाटू लागतं. त्या युद्धाचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. मिंडोनचा मुलगा थिबा राजा रत्नागिरीला आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला.

आता मला सर्वांत बोचलेली नोंद. १९०१ मध्ये श्वेडगॉनवर धम्मलोक नावाच्या भिक्खूने बूट घालून फिरणाऱ्या एका पोलिसाला हटकलं. भिक्खू जन्माने आयरिश होता. पोलीस हिंदी होता, आणि तेव्हा ड्युटीवरही नव्हता. मी ते दोनदा वाचलं. हा माणूस आपल्या गावातल्या मारुतीच्या देवळात पायताण घालून शिरला असता का? घरच्या उंबऱ्याशीसुद्धा त्याने ते काढलं असतं. पण तिथे तो साहेबाच्या बाजूचा होता. साहेब बूट काढत नाही, मग मी का काढू? आणि त्याला ही आठवण करून द्यायला आयर्लंडचा माणूस लागला.

पुढे बर्मी तरुणांच्या बौद्ध संघटनेने १९१६ पासून ही मागणी लावून धरली. लेडी सयाडॉ या मोठ्या विद्वान भिक्खूंनी त्यावर लिहिलं. १९१९ मध्ये मंडालेच्या एका पॅगोड्यात बूट घालून आलेल्या युरोपियनांवर भिक्खू धावून गेले, एकाला जन्मठेप झाली. त्याच वर्षी सरकारने पॅगोड्याच्या प्रमुखांना आपापला नियम करायचा अधिकार दिला. त्यानंतर बरेच गोरे श्वेडगॉनला जाईनासेच झाले. पाय उघडे करण्यापेक्षा न पाहिलेलं बरं. तिथल्या राष्ट्रीय चळवळीची सुरुवात सांगताना बर्मी इतिहासकार या बुटांपासून सांगतात.

याच रंगूनला डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्या प्रवासातून परतल्यावर २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. देहूरोड म्हणजे छावणी आणि दारूगोळ्याचे डेपो. मी तिथे दोन वर्षं नोकरी केली आहे. त्या विहारावरून जीप रोज जायची. मी एकदाही उतरलो नाही. कुणी अडवलं नव्हतं, फक्त डोक्यात कधी आलंच नाही की इथे आपल्याला पाहण्यासारखं काही आहे. रंगूनला जाऊन आल्यावर गेलो. दाराशी चपला काढताना माझ्या शेजारी डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे होते. मी कोण हे कळल्यावर त्यांनी जुन्या सवयीने सलाम केला. दोघंही अनवाणी होतो, मला काय उत्तर द्यावं सुचेना. मी हात जोडले.

पुन्हा श्वेडगॉनवर येऊ, कारण एक गोष्ट राहिली. पॅगोड्याभोवती आठ दिशांना आठ जागा आहेत, जन्मवारानुसार. आठवड्याचे वार सात, म्हणून बुधवारचे दोन भाग केलेत, सकाळ आणि दुपारनंतर. आपल्या वाराच्या जागेवरच्या बुद्धमूर्तीवर लोक पेल्याने पाणी घालतात. एका म्हाताऱ्या बाईंनी खुणेनेच मला वार विचारला. माझा गुरुवार, वाहन उंदीर, दिशा पश्चिम. म्हणजे त्याच बाजूला जायचं होतं, जिथला जिना ७७ वर्षं आमच्या पेशाच्या लोकांनी अडवून ठेवला होता. तो १९३० च्या सुमारास लोकांना परत मिळाला आणि १९३१ च्या आगीत जळला. आज दिसतो तो नंतर बांधलेला.

फरशी तापली होती, चटईची पट्टी तिथपर्यंत नव्हती. मी पाय भाजत गेलो आणि पाणी घालू लागलो. किती पेले घालायचे ते मला ठाऊक नव्हतं. बाई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या. मी थांबलो की त्या मान हलवायच्या, अजून. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून पेला घेतला, एक पेला मूर्तीवर घातला आणि उरलेलं पाणी माझ्या पायांवर ओतलं.

पुढच्या भागात रत्नागिरी. थिबा राजा तिथे तीस वर्षं कसा राहिला, ते पाहू. नमस्कार.